बिनचहाचे साहेब

आमच्या दुकानात नेमानं येऊन चहाला कधी न शिवलेला माणूस मी एकच पाहिला. वरवट बकालला कृषी केंद्र चालवायचं म्हणजे निम्मा धंदा बियाण्याचा आणि निम्मा चहाचा. भाव विचारायला कोणी आलं तरी चहा, भांडायला आलं तरी चहा, नुसतं पंख्याखाली बसायला आलं तरी चहा. समोरचा हॉटेलवाला मला विचारतसुद्धा नसे. किती डोकी बसली आहेत ते तिथूनच पाहायचा आणि तेवढे कप पाठवायचा. त्या सगळ्या गोतावळ्यात बियाणे कंपनीचे आमचे साहेब खुर्चीवर ताठ बसलेले, मांडीवर थर्मास, आणि त्यातलं कोमट पाणी घोट घोट पिणं चाललेलं. कप पुढं आला की आडवा हात करायचे आणि म्हणायचे, वेचणी झाल्यावर.

हा त्यांचा नियम होता. ज्या गावात त्यांचं कपाशीचं बियाणं पेरलं जाई, त्या गावात पहिली वेचणी होऊन कापूस घरात येईपर्यंत ते कोणाच्या घरचा चहा घेत नसत. कापूस आला, माणूस समाधानानं बोलला, की मग त्या गावात एक चहा. एका गावात एकच घर आणि वर्षातून एकच कप. माल उभा राहायच्या आधी लोकांच्या घरचं कायले प्यायचं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या दुकानात तर दहा गावांचे लोक येत, तेव्हा इथं कोणत्या गावाची वेचणी धरायची हा प्रश्न त्यांना सुटला नाही, म्हणून आमच्याकडं कायमचा नकार. लोक त्यांना तोंडावर साहेब आणि मागं बिनचहाचे साहेब म्हणत. त्यांनाही ते ठाऊक होतं आणि मला वाटतं थोडं आवडतही होतं.

गंमत अशी की या नियमाचा गावांना उपयोग होऊन बसला. दिवाळीच्या आसपास लोक एकमेकांना विचारायचे, साहेबानं चहा घेतला काय बे. घेतला म्हटलं की पुढच्या सालचं बियाणं ठरलं. कंपनीनं भिंतीवर रंगवलेल्या हिरव्यागार जाहिरातींकडं कोणी ढुंकून बघत नसे. माझे वडील म्हणत, या माणसाचा एक कप म्हणजे आपल्या दुकानाचा अर्धा हंगाम.

साहेब मूळचे मेहकरचे. पण मेहकरात ते क्वचितच सापडत. कंपनीनं जिल्हाभर फिरायला गाडी देऊ केली होती, ती त्यांनी घेतली नाही. एसटीनं फिरत. जळगाव जामोदपासून लोणारपर्यंतचं सगळं वेळापत्रक तोंडपाठ. हिवरा आश्रमाची शेवटची गाडी किती वाजता, मलकापूरची कोणती गाडी नेहमी पाऊण तास उशिरा येते, हे स्टँडवरच्या खिडकीपेक्षा त्यांना विचारलेलं बरं असे. नव्या रस्त्याची गाडी दिसली की काम असो नसो, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचे. शेवटच्या थांब्यावर काय असतं ते पाहिल्याशिवाय गाव कळत नाही म्हणायचे. लॉजमध्ये ठरलेली खोली, पिशवीत स्वतःची चादर, आणि धुतलेला शर्ट वाळत घालायला एक लांब सुतळी. महिन्यातले वीस-बावीस दिवस असे जात. त्यांच्या मंडळी मला एकदा म्हणाल्या होत्या की लोणार मेहकरहून हाकेच्या अंतरावर आहे, तिथल्या तीन दुकानांत हे महिन्यातून दोनदा जातात, पण मला सरोवर दाखवायला यांना आजवर वेळ झाला नाही. काम नसताना घराबाहेर जाणं म्हणजे काय ते त्या माणसाला माहीतच नव्हतं.

आणखी एक त्यांचं पेटंट वाक्य होतं. पाहून सांगतो. यंदा पाऊस कसा राहील हो साहेब, असं कोणी विचारलं तरी पाहून सांगतो. पानं लाल पडली, काय मारू, तर पाहून सांगतो. आणि खरंच बघायला जायचे. दोन कोस चालत जायचे, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चपला काढायचे आणि अनवाणी शेतात शिरायचे. एकदा माझ्या नवऱ्यानं, तो जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे, त्यांना सहज विचारलं की तब्येत कशी आहे. साहेबांनी स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलं, घड्याळाकडं पाहिलं, आणि मग बरी आहे म्हणाले. नवरा आठवडाभर शाळेत त्यांची नक्कल करत होता.

वडील गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला तेव्हा बऱ्याच जणांची तोंडं वाकडी झाली. बाईमाणूस फवारणीचं काय सांगणार, असं आडून आडून कानावर यायचं. साहेबांनी मात्र पहिल्याच खेपेला मला सांगितलं, ताई, काउंटरवर बसून दुकान चालेल, पण लोक इचारतील ते शेतात जाऊन पाहावं लागेल. मग हंगामात दर गुरुवारी ते मला कोणाच्या ना कोणाच्या शेतात नेत. चपला काढायची सवय मला त्यांनीच लावली, आणि पहिल्याच दिवशी काट्यानं माझी टाच फुटली तेव्हा थर्मासमधलं पाणीही त्यांनीच ओतलं. त्यांच्याबद्दल जे काही पुढं सांगणार आहे ते हे लक्षात ठेवून सांगते आहे.

आता पुडीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. बीटी कपाशीच्या बॅगेबरोबर तेव्हा एक लहान पुडी येत असे. तिच्यात साधी, जुन्या पद्धतीची सरकी. बीटीच्या झाडात बोंडअळीला मारायचं विष झाडातच असतं. ते खाऊन खाऊन अळीला त्याची सवय लागू नये म्हणून शेताच्या चारी बाजूंनी, धुऱ्याला लागून, साध्या सरकीच्या पाच ओळी लावायच्या. त्या ओळी अळीसाठी सोडायच्या. तिथं विष न चाखलेल्या अळ्या वाढतात, त्यांचे पतंग आतल्यांशी मिसळतात, आणि पुढची पिल्लावळ विषाला तोंड देण्याइतकी तयार होत नाही. पुडीवर चित्र छापलेलं असे, वाचता न येणाऱ्यालाही समजेल असं.

आणि आमचे लोक काय करत, तर पुडी काउंटरवरच टाकून जात. अळीसाठी कोणी पेरते काय, म्हणून हसत. कोणी त्या सरकीनं खाडे, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायचं, कोणी ती म्हशीला घालायचं. माझ्या काउंटरखाली एक पोतंच ठेवलेलं होतं पुड्यांसाठी. जून संपता संपता ते भरायचं. मी कधी कोणाला थांबवलं नाही, उलट पोतं मीच ठेवलं होतं. पुढं कंपन्यांनी ती सरकी त्याच बॅगेत मिसळून द्यायला सुरुवात केली आणि टाकून द्यायची सोयच राहिली नाही, पण ती फार नंतरची गोष्ट.

पुडी नेमानं लावणारा माणूस माझ्या गिऱ्हाइकांत एकच होता, गफूरचाचा. आमच्या गावापासून दोन कोसांवर त्यांचं गाव. वडिलांचे दोस्त, म्हणून मला बेटी म्हणत. सहा एकर काळी जमीन, स्वतः राबणारा माणूस. अक्षरओळख नव्हती, पण चित्र पाहिलं आणि मोजून पाच ओळी. धुऱ्यापलीकडचे लोक त्यांची थट्टा करायचे, चाचानं अळ्यांची खानावळ काढली म्हणून. चाचा नुसते हसायचे. त्या गावातला साहेबांचा वर्षाचा एक कप गफूरचाचांच्याच घरचा असे. चाची त्या दिवशी कपाटातली निळ्या फुलांची कपबशी काढायच्या, आणि साहेब बशी तोंडाला लावेपर्यंत घरातलं कोणी बोलत नसे.

एका जूनमध्ये दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पाऊस टेकलेला, लोक बॅगांसाठी एकमेकांच्या अंगावर. साहेबांना वरून दिवसातून चार फोन, किती गेल्या, किती राहिल्या. गर्दीतून गफूरचाचा पुढं आले, पुडी हातात धरून. म्हणाले, औंदा मजूर भेटून नाही राह्यले, हे पाच ओळी लावल्या नाही तं चालते काय. साहेब त्या वेळी फोन कानाला लावून कुठलासा आकडा सांगत होते. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि म्हणाले, कायले तकलीफ घेता गफूरभाई, चालते. चाचांनी पुडी माझ्या पोत्यात टाकली. मी समोरच उभी होते. पाहून सांगतो हे शब्द त्या दिवशी साहेबांच्या तोंडून आले नाहीत, एवढं माझ्या ध्यानात आलं होतं. पण पुढचं गिऱ्हाईक ओरडत होतं आणि मी त्याच्याकडं वळले.

चाचांनी मग त्या वर्षी लावली नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. सोपं असतं ते माणसाला एकदा जमलं की जमलं. आणि त्या दुसऱ्या वर्षी गुलाबी बोंडअळी आली. बाहेरून कपाशीची पऱ्हाटी अशी की नजर ठरू नये, बोंडंही भरगच्च. फोडून पाहिलं की आत कवडी, म्हणजे किडका पिवळट कापूस, आणि गुलाबी किडा. लोकांनी उभ्या पिकात नांगर घातले. त्या वर्षीच्या दिवाळीबद्दल जास्त लिहायला माझा हात चालत नाही.

साहेब नेमाप्रमाणं फिरतीवर आले. चहा घ्यायला नाही, बघायला. गफूरचाचांच्या घरीही गेले. चाचींनी मात्र नेहमीची कपबशी काढली आणि चहा समोर ठेवला. चाचांनी त्याच वेळी खिशातून एक बोंड काढलं, दोन बोटांनी फोडलं आणि कपाशेजारी ठेवलं. साहेबांनी बोंडाकडं पाहिलं, चहाकडं पाहिलं, आणि उठून निघून गेले. चहा तिथंच गार झाला. त्यानंतर त्या गावात त्यांनी पाऊल ठेवलं नाही. त्या बाजूची गाडी समोरून गेली तरी ते दुसरीकडं बघत.

आठ-दहा दिवसांनी गफूरचाचा दुकानात आले. मला वाटलं आता हे अळीवरून बोलणार, आणि मी ऐकून घ्यायची तयारी केली होती. चाचा म्हणाले, "बेटी, डॉक्टरले दुखणं दाखवते तसं मी बोंड दाखवलं. एक शब्द तरी बोललो काय त्याले? अन् तो माणूस माझ्या घरचा चहा टाकून गेला." एवढं बोलून ते डोळे पुसत बाहेर गेले. हे मी साहेबांना सांगायला हवं होतं. चार महिने सांगितलं नाही. माझ्याकडं पोतं होतं ना काउंटरखाली.

त्यानंतरच्या मार्चमध्ये कंपनीनं आम्हा दुकानदारांना युरोपात नेलं. हसू नका, खरंच नेलं. सहलीचं आमचं टारगेट विक्रीचं होतं आणि विक्री जूनमध्येच झालेली होती. वेचणीत काय निघालं याचा त्या टारगेटच्या कागदाशी काही संबंध नव्हता. मी नको म्हणत होते, पण सासूबाई म्हणाल्या की एवढं विमानाचं तिकीट कोणी फुकट देतं का, जा. नणंदेनं स्वेटर दिला. शेजारच्या बायका माझा पासपोर्ट बघायला आल्या, आणि त्यातला माझा फोटो बघून एकीनं मला कसला त्रास आहे का ते विचारलं. बावीस पुरुष दुकानदार, मी एकटी बाई, आणि आमची काळजी घ्यायला कंपनीनं धाडलेले साहेब. त्यांनाही नाही म्हणता आलं नव्हतं.

व्हिएन्ना नावाचं शहर. तीन दिवसांचा मुक्काम. पहिल्या सकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये भाषणं झाली, बक्षिसं वाटली, टाळ्या झाल्या, आणि उरलेले अडीच दिवस मोकळे. मोकळा वेळ हे शब्द ऐकून साहेब चांगलेच घाबरले. त्यांनी गाइडला दोनदा विचारलं की आम्हाला कुठं पोचायचं आहे. कुठंही नाही, हिंडा, फिरा, असं उत्तर मिळाल्यावर ते सोफ्यावर थर्मास घेऊन बसून राहिले. त्यांच्या खोलीतल्या चिखलीच्या दुकानदारानं नाश्त्याला सगळ्यांना बातमी दिली की साहेबांनी खिडकीच्या पडद्यापासून दिव्यापर्यंत सुतळी बांधून शर्ट वाळत घातला आहे, आणि सफाईला आलेली पोरगी तो अंधारात लटकलेला शर्ट पाहून किंचाळली. साहेब शांतपणे म्हणाले की पोरगी घाबरली हे वाईट झालं, पण शर्ट मात्र वाळला.

बाकीची मंडळी चॉकलेटं आणि घड्याळं घ्यायला गेली. मला त्यांच्यात जायचा कंटाळा होता आणि साहेबांना कुठंच जायचं नव्हतं, म्हणून आम्ही दोघं बाहेर पडलो. रस्ते असे स्वच्छ की थुंकी आली तर गिळावी लागेल. थंडीनं माझे कान गेले. कोपऱ्यावर एक जुनं कॉफीचं दुकान होतं, आत लाल गाद्यांचे बाक, काठीला लावलेले पेपर, आणि एकेका कपावर दोन-दोन तास बसलेले म्हातारे. कोणी कोणाला ऊठ म्हणत नव्हतं. मी कॉफी सांगितली. आणि साहेब वेटरला म्हणाले, टी.

मी बघतच राहिले. अठरा वर्षं ज्यांनी आमच्या दुकानात कपाला बोट लावलं नाही, त्यांनी तिथं बसून एक प्यायला, मग दुसरा मागवला, आणि मग तिसरा. माझा चेहरा पाहून म्हणाले, ताई, या गावात आपलं काही पेरलेलं नाही. तिसरा कप त्यांनी पार बशीत ओतून, फुर्र करून प्यायला आणि बाकावर पाठ टेकवली. त्यांची पाठ कशाला टेकलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. असे बसले होते की दया यावी. सुट्टी म्हणजे त्यांच्या लेखी एवढंच होतं, की पायाखालच्या जमिनीत आपला शब्द पेरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांची तरतरी परत आली. स्टँडसारखं काही दिसलं की त्यांचं बरं असतं. ट्रामच्या खांबावरचं वेळापत्रक त्यांनी पाच मिनिटं वाचलं, एक ट्राम निवडली आणि म्हणाले की शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊ. मी म्हटलं चला, तुमच्यासोबत आले तेव्हाच मला हे कळलं होतं. ट्राम शहर सोडून टेकडीच्या पायथ्याशी थांबली. तिथून चढावर दोन्ही बाजूंना द्राक्षाचे वेल. मार्च म्हणजे सगळं छाटलेलं, नुसत्या काळ्या काड्या आणि तारा. एक साठीची बाई वाकून छाटणी करत होती. साहेब बांधापाशी थांबले आणि सवयीनं बूट काढायला खाली वाकले. मी त्यांना चांगलं झापलं. तिथल्या थंडीत पाय गारठून पडले असते तर मेहकरला मी काय तोंड दाखवलं असतं.

प्रत्येक ओळीच्या तोंडाशी एक काटेरी खुंट होता, द्राक्षापेक्षा वेगळा. साहेबांना असं काही दिसलं की राहवत नाही. त्यांनी मोडक्या इंग्रजीत त्या बाईला विचारलं, तिनं तेवढ्याच मोडक्या इंग्रजीत सांगितलं. गुलाब आहेत. शोभेला नाहीत. बुरशी आली की आधी गुलाबावर दिसते, मग आम्ही वेली सांभाळतो. तिच्या आजोबांनी लावले होते, आता औषधं आली, यंत्रं आली, तरी ती लावते. साहेबांनी विचारलं की यातून तुम्हाला काय मिळतं. बाई म्हणाली, गुलाबातून काही नाही. आणि परत छाटायला लागली.

साहेब त्या खुंटाजवळ कितीतरी वेळ उभे होते. मला वाटलं आता शेतीची माहिती टिपून घेणार. त्यांनी वही काढली नाही.

"ताई," ते म्हणाले, "आयुष्यभर मी सगळं पाहून सांगितलं. ते एक न पाहता सांगितलं."

कोणतं, हे मला विचारावं लागलं नाही. मी म्हटलं की पोतं माझं होतं, चित्र मलाही समजत होतं, आणि त्या दिवशी मीही तिथंच उभी होते. ते मान हलवत राहिले. म्हणाले, तुमच्या पोत्यात बाकीच्यांनी टाकल्या त्या त्यांच्या मनानं टाकल्या. गफूरभाईंनी माझ्या शब्दावर टाकली. मी म्हटलं की एकट्या चाचांच्या पाच ओळींनी तालुक्याची अळी थोडीच थांबली असती. ते म्हणाले, नसती थांबली, ते मला कळतं. पण मग मी त्यांच्या घरी कोणत्या तोंडानं कप उचलू. त्या चहावर माझा हक राह्यला नाही म्हणून उठून आलो.

तेव्हा मला राहवलं नाही आणि चार महिने दाबून ठेवलेलं मी त्या टेकडीवर सांगून टाकलं. चाचांना अळीचा राग नाही, चहा टाकून गेल्याचं वाईट वाटलं आहे. दुकानात येऊन रडले होते. साहेब माझ्याकडं वळले. त्यांनी विचारलं, हे तुम्ही मले आता सांगून राह्यल्या? मी मान खाली घातली. ती बाई कात्री थांबवून आमच्याकडं पाहत होती. तिला वाटलं असेल नवरा-बायकोचं भांडण आहे. संध्याकाळी त्याच कॉफीच्या दुकानात मी साहेबांसाठी चहा मागवला तर त्यांनी आडवा हात केला.

परत आल्यावर आठ दिवसांत ते दुकानात हजर. गफूरभाईंकडं जायचं आहे, तुम्हीपण चला म्हणाले. एप्रिलचं ऊन, नांगरून पडलेली शेतं, कुठं हिरवं म्हणून नाही. चाचा शेतातच होते, गोठ्याच्या सावलीत दोरी वळत. चाची पलीकडं चुलीजवळ. धुऱ्यापलीकडचे दोघं-तिघं, चाचांची थट्टा करणारे तेच, बाभळीखाली बसलेले. साहेबांनी धुऱ्यावर चपला काढल्या आणि त्या तापलेल्या ढेकळांतून अनवाणी निघाले. मीही निघाले, पण माझं मला ठाऊक माझे पाय किती पोळले ते.

चाचांनी दोरी खाली ठेवली नाही. म्हणाले, "साहेब, चपला घाला. पाय भाजतात."

साहेबांनी घातल्या नाहीत. उभे राहूनच बोलले, आणि बाभळीखालच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलले. "गफूरभाई, पाच ओळी लावत होते ते तुम्ही बरोबर होते. मी न पाहता चालते म्हटलं. चूक माझी हाय." माफीची आणखी वाक्यं त्यांनी तयार केली असावीत, बसमध्ये ओठ हलत होते त्यांचे. पण तेवढंच बाहेर आलं. बाभळीखाली कोणी हसलं नाही.

चाचांनी दोरीचा पीळ पूर्ण केला, गाठ मारली. मग म्हणाले, ते मले मालूम हाय, आंधळा थोडाच हाय मी, पुडी फेकली तं माझ्याच हातानं फेकली. अळी गावात सगळ्यांच्याच वावरात आली. ते सोडा. चहा काऊन टाकून गेले ते सांगा.

साहेबांकडं याचं उत्तर होतं, टेकडीवर मला दिलं तेच. पण ते त्यांना तिथं देता येईना. थर्मासचं झाकण उघडलं, परत लावलं. आणि मग त्या माणसानं, ज्यानं जिल्ह्यात कोणाकडं कधी चहा मागितला नव्हता, विचारलं, "आता भेटते काय?"

"वेचणीले तं सहा महिने हायेत," चाचा म्हणाले.

"असू द्या."

चाचांनी दोरी बाजूला ठेवली आणि चुलीकडं वळून चाचींना हाक मारली. "साहेबासाठी दोन कप ठेव वं. एक मागच्या सालचा हाय."

चाचींनी निळ्या फुलांची कपबशी आणायला नातीला घरी पिटाळलं आणि ती येईपर्यंत चहा उकळत ठेवला, त्यामुळं तो चांगलाच कडू झाला. साहेब ढेकळांवर मांडी घालून बसले आणि दोन्ही कप, एकामागून एक, बशीत ओतून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मग कपबशी धुवायला म्हणून उठू लागले, तेव्हा चाचींनी त्यांच्या हातातून ती काढून घेतली.